मधुचंद्र, मार्गशीर्ष आणि कोयासानच्या मठातील ताट

तुळशीचे लग्न लागल्यानंतरच्या पहिल्याच मुहूर्तांपैकी एका मुहूर्तावर आमचे लग्न झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ दिवसांसाठी जपानला निघालो. निघण्यापूर्वी दोन्ही घरांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, तो म्हणजे मी तिकडे खाणार काय. माझे माहेर पुण्यातले, पूर्णपणे शाकाहारी. सासर मालवणचे, जिथे ताटात मासा नसला तर आज कोणता वार आहे याची चौकशी होते. नवऱ्याच्या जेवणाची काळजी अर्थातच कोणालाच नव्हती. या लेखात मी संपूर्ण सहलीचा वृत्तांत देणार नसून तिच्यातील एका रात्रीचे परीक्षण करणार आहे. ही रात्र आम्ही वाकायामा प्रांतातील कोयासान या डोंगरावरच्या एका बौद्ध मंदिरात, तेथील भाषेत ज्याला शुकुबो म्हणतात अशा मंदिर-निवासात काढली. ज्या मंदिरात राहिलो त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत, आणि तेथील निवासांची व्यवस्था पुष्कळशी सारखीच असते.

आधी अडचण सांगते, म्हणजे या मुक्कामाचे मोल कळेल. जपानमध्ये शाकाहारी माणसाला समोर दिसणारा मासा फारसा छळत नाही. छळते ती न दिसणारी दाशी. दाशी म्हणजे तेथील जवळजवळ सर्व स्वयंपाकाचा पाया असलेले सार. ते बहुधा कोम्बु नावाच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळापासून आणि कात्सुओबुशीपासून काढतात. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा उकडून, धुरावर धरून आणि लाकडाइतका कडक होईपर्यंत वाळवून काढलेला त्याचा कीस. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून केलेल्या सूपमध्ये दाशी असते, सोबा नूडल्सच्या रश्शात असते, उकडलेल्या पालकावरच्या दोन चमचे पाण्यातही असते. आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने तो मासा नसतोच, त्यामुळे आपण मासे खात नाही असे सांगितल्यावर तो मनापासून मान डोलावतो आणि तेच सूप आणून ठेवतो. ओसाकामध्ये ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्यावर कात्सुओबुशीचा कीस वाफेने असा हलत होता की मला तो जिवंतच वाटला. क्योतोमध्ये नानझेन्जी मंदिराच्या परिसरात मिळणारे युदोफु, म्हणजे कोम्बुच्या पाण्यात नुसते गरम केलेले टोफू, पाहून मी निश्चिंत झाले, तर ते ज्यात बुडवून खायचे त्या सोया सॉसच्या पातळ चटणीतच कात्सुओ निघाला. निशिकी बाजारात नवऱ्याने तो कीस हातावर घेऊन हुंगला आणि हा आपल्या सुक्या बांगड्याचा थोरला भाऊ आहे, असा निर्वाळा दिला. त्याला जपान पहिल्या दिवसापासून घरच्यासारखे वाटत होते. मी मात्र पाच दिवस भात, लोणची, रताळी, फळे आणि सोबत आणलेल्या मेतकुटावर होते.

कोयासानला जाण्याचा मार्ग सरळ आहे. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेची जलद गाडी सुमारे ऐंशी मिनिटांत गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकावर आणून सोडते. या नावाचा अर्थ स्वर्गाचा पूल असा आहे. तेथून खड्या चढावर ओढली जाणारी केबल कार पाच मिनिटांत वर नेते आणि पुढे बस लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर, डोंगरांच्या पाकळ्यांमध्ये बसलेले हे गाव म्हणजे 117 मंदिरांची वस्ती आहे आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास मंदिरे यात्रेकरूंना उतरू देतात. बसच्या वाटेवर न्योनिन्दो नावाचा एक लहानसा लाकडी मंडप लागतो. 1872 पर्यंत स्त्रियांना या डोंगरावरील मठांच्या हद्दीत प्रवेश नव्हता आणि त्यांना हद्दीबाहेरच्या अशा मंडपांपर्यंतच येता येई. सात वाटांवरील सात मंडपांपैकी हा एकच उरला आहे. नव्या नवरीने नवऱ्यासोबत येथे मुक्कामाला यावे, ही गोष्ट त्या मंडपाच्या हयातीत तशी अलीकडचीच म्हणायची.

मंदिरात पाऊल ठेवताच पादत्राणे काढून मांडणीत ठेवायची, कापडी सपाता घालायच्या आणि एका तरुण भिक्षूच्या मागून करकरणाऱ्या लाकडी ओसरीवरून खोलीपर्यंत जायचे, असा क्रम होता. खोली तातामीची, म्हणजे जाड गवती चटयांच्या जमिनीची, मध्यभागी कोतात्सु, म्हणजे खालून विजेवर तापणारे आणि वरून गोधडी पांघरलेले बुटके मेज. बाहेर तपमान शून्याच्या जवळ आले होते. त्या मेजाखाली पाय घालून बसल्यावर पुन्हा उठण्याची इच्छा होत नाही, आणि केवळ या एका वस्तूसाठी मी या निवासाला पूर्ण गुण देण्यास तयार आहे. भिक्षूने चहा आणि एक गोड पदार्थ ठेवला, रात्रीचे जेवण साडेपाचला, स्नानगृह नऊपर्यंत आणि पहाटेची प्रार्थना सहाला असल्याचे सांगितले आणि गुडघ्यांवर बसून, सरकते दार दोन टप्प्यांत लावून तो निघून गेला.

आता मुख्य विषय, जेवण. येथे मिळते त्या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. शोजिन हा शब्द बौद्ध परंपरेतील वीर्य, म्हणजे साधनेतील निष्ठावान परिश्रम, या संस्कृत संज्ञेसाठी वापरला जातो. त्यामुळे हे साधकांचे जेवण. त्यात मांस, मासे आणि अंडी नसतात, परंतु माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच नियमाने: कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातील उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. योगायोग असा की आमचा मुक्काम मार्गशीर्षातल्या गुरुवारी पडला होता. आईने दुपारीच फोनवर, मी व्रत करीत नसले तरी निदान आजच्या दिवशी कांदा-लसूण तरी पोटात जाऊ देऊ नकोस, असे बजावले होते आणि मी मनात म्हटले होते की इथे माशाचे पाणी चुकवता चुकवता नाकी नऊ आले आहेत, कांद्याचे काय घेऊन बसलीस. त्याच संध्याकाळी, पुण्यापासून हजारो किलोमीटर दूर, मला चातुर्मासाच्या नियमांचे संपूर्ण ताट मिळाले.

ताट म्हणण्यापेक्षा चौरंग म्हणावे. प्रत्येकासमोर लाल लाखेचे, चार बुटक्या पायांचे दोन चौरंग आणि त्यांवर झाकणांच्या लहान लहान वाट्या. सर्वांत आधी मी गोमादोफु खाल्ले. नावात दोफु, म्हणजे टोफू, असले तरी यात सोयाबीन मुळीच नसते. तीळ अत्यंत बारीक वाटून, पाण्यात कालवून, कुझु नावाच्या वेलीच्या मुळांचे सत्त्व घालून मंद आचेवर सतत घोटायचे आणि मग थंड करून वड्या पाडायच्या, अशी त्याची कृती आहे. आपल्याकडे आरारूटची खांडवी ज्यांनी घोटली आहे त्यांना मनगटाची काय अवस्था होते हे सांगायला नको. वडी चमच्याने कापताना किंचित ताणली जाते, जिभेवर गार लागते आणि मग तिळाचा खमंगपणा हळूहळू सुटतो. वर वासाबीचा ठिपका आणि थोडा सोया सॉस, एवढेच. ही वडी दुधाशिवाय, साखरेशिवाय आणि तेलाशिवाय इतकी मुलायम होऊ शकते हे मला खाऊनही खरे वाटले नाही.

दुसरा मानाचा पदार्थ कोयादोफु. हे मात्र खरे टोफू, गोठवून मग वाळवलेले. डोंगरावरच्या हिवाळ्यात बाहेर राहिलेले टोफू गोठले आणि त्यातून हा पदार्थ सापडला, असे सांगतात. नावात डोंगराचेच नाव आहे. पाण्यात भिजवून, कोम्बु आणि सुक्या शिताके अळंबीच्या सारात शिजवल्यावर ते स्पंजासारखे रस पिते आणि चावले की तो सगळा रस तोंडात सोडते. ज्या दाशीने मला पाच दिवस पळवले होते, तिचीच ही माशाविना केलेली बहीण होती, आणि चवीत ती तसूभरही कमी नव्हती. याला कारण आहे. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ज्या चवीला उमामी हे नाव दिले, ती त्याने कोम्बुच्याच सारातून वेगळी काढली होती. त्यामुळे माशाशिवाय जपानी स्वयंपाकाला चव येत नाही, असे मला क्योतोत ज्या गृहस्थांनी नम्रपणे समजावले होते त्यांना या चौरंगासमोर आणून बसवावे असे वाटले.

बाकी पदार्थांत कमळकंदाचा आणि रताळ्याचा तेम्पुरा, मिसो लावून भाजलेले वांगे, हिजिकी नावाचे काळे शेवाळ, पातळ सार, भात, पिवळ्या मुळ्याचे लोणचे आणि शेवटी पर्सिमॉनची फोड होती. हे फळ वाकायामाचेच, तेथील बागा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. इथे पहिली तक्रार नोंदवते: तेम्पुरा थंड होता. सर्व पाहुण्यांचे चौरंग एकाच वेळी मांडून ठेवले जातात आणि पाहुणे नंतर येतात, त्यामुळे तळलेला पदार्थ मऊ पडतो. भजी गार झाल्यावर तिला भजी म्हणण्यात अर्थ नाही, हे तत्त्व देशोदेशी सारखेच असावे. दुसरी तक्रार अशी की कोणत्या वाटीत काय आहे हे सांगणारे कोणी नव्हते. वाढणारे भिक्षू घाईत होते आणि नावे मला दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पाकिटांवरून जुळवावी लागली. मधुचंद्राच्या जेवणाला एवढी माहिती मिळाली असती तर बरे झाले असते.

माझा नवरा, ज्याच्या मताला या लेखात साक्षीदार म्हणून अधिक वजन आहे कारण तो मत्स्याहारी आहे, तोही गोमादोफुवर खूष होता. कोयादोफुबद्दल मात्र त्याने हे म्हणजे रश्शात पडलेला पाव, असे म्हटले. त्याची खरी प्रसन्नता दुसऱ्या गोष्टीने उजळली. मठात मद्य मिळते. भिक्षूंच्या परिभाषेत त्याला हान्न्यातो म्हणतात, म्हणजे प्रज्ञेचे पाणी, आणि ते गरम करून लहान चंबूतून आणून दिले जाते, अर्थात वेगळ्या किमतीला. लसणाला बंदी आणि साकेला नाव बदलून प्रवेश, या व्यवहारज्ञानाचे त्याने मनापासून कौतुक केले.

जेवणानंतर आम्ही ओकुनोइन या स्मशानवनात गेलो. मधुचंद्राला स्मशानात, हे वाचून भुवया उंचावतील, परंतु कोयासानचा प्राण तिथेच आहे. इचिनोहाशी पुलापासून आतल्या समाधीपर्यंत सुमारे दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे जपानी सिडार, वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून अधिक स्मृतिशिळा. ओदा नोबुनागासारख्या सरदारांची स्मारके आहेत, आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन येथे जवळजवळ समोरासमोर आहेत, आणि कीटकनाशक व्यवसायातील मंडळींनी मारलेल्या वाळवीसाठी उभारलेले स्मारकही आहे. मिणमिणत्या दिव्यांत पाच भागांच्या दगडी स्तंभांवर मला अक्षरे दिसली आणि मी थबकले. खाली चौकोन, त्यावर गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि रत्नाचा आकार: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर एक अक्षर, खालून वर अ, व, र, ह, ख. ही सिद्धम् लिपी आपल्या देवनागरीची जवळची नातेवाईक. सगळी अक्षरे ओळखता येत नाहीत, परंतु ओळखीच्या घरातली वाटतात. पंचमहाभूतांची नावे आपण शाळेत पाठ केली, ती अशा रीतीने दगडात एकावर एक रचलेली मी आपल्याकडे कुठे पाहिली नव्हती.

या वस्तीचा संस्थापक कूकाई, मरणोत्तर नाव कोबो दाइशी. तो 804 मध्ये चीनला गेला, तेथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत आणि हुइगुओ या आचार्याकडून वज्रयानी दीक्षा घेऊन 806 मध्ये परतला, आणि 816 मध्ये सम्राट सागाने त्याला हा डोंगर दिला. 835 मध्ये तो गेला असे इतिहास म्हणतो. तो ओकुनोइनच्या समाधीत ध्यानस्थ बसला आहे असे येथील श्रद्धा म्हणते. आळंदीची संजीवन समाधी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काही समजावून सांगावे लागत नाही. त्याच्यासाठी आजही रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, शाकाहारी नैवेद्य वाहून नेतात. वाटेत जिझो या बोधिसत्त्वाच्या एका मूर्तीपुढे तो आधी चाखण्यासाठी थांबवला जातो. सहाची वेळ आमच्या प्रार्थनेशी जुळत होती, म्हणून आम्ही साडेदहाचा पाहिला. पिवळ्या वस्त्रातले भिक्षू पांढऱ्या लाकडाची पेटी खांद्यावर घेऊन समाधीजवळचा पूल ओलांडून गेले. त्या पुलापलीकडे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि ती मनाई योग्यच आहे.

रात्र मात्र कठीण गेली. खोलीतील रॉकेलचा हीटर तीन तासांनी आपोआप बंद होतो, सुरक्षेसाठी. त्याआधी तो शिट्टी मारून कळवतो. रात्री एक वाजता आणि पुन्हा चार वाजता गादीतून बाहेर येऊन त्याची कळ दाबण्याचे काम नव्या संसारात कोणाचे, यावर आमचा पहिला गंभीर मतभेद झाला. गाद्या जमिनीवर शेजारी शेजारी घातलेल्या होत्या, परंतु भिंती म्हणजे कागदाची आणि कापडाची सरकती दारे. पलीकडच्या खोलीतील गृहस्थांचे घोरणे आमच्याच खोलीत होते. स्नानगृह सामाईक, स्त्रियांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे. गरम पाण्यात बसणे सुखाचे होते, परंतु एकांत हवा असलेल्या जोडप्यांनी हे सगळे आधी वाचून ठेवावे. हॉटेलच्या पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या अपेक्षित असतील तर इथे येऊ नये.

पहाटे सहाला मुख्य सभामंडपात पठण सुरू झाले आणि त्यानंतर शेजारच्या मंडपात गोमा. गोमा म्हणजे होम, हा शब्दच चीनमार्गे तसा झाला. गंमत अशी की तिळालाही जपानीत गोमाच म्हणतात, लिहिण्याची चिन्हे तेवढी वेगळी. त्यामुळे संध्याकाळी एक गोमा पोटात गेला आणि पहाटे दुसरा डोळ्यांत, धूर होऊन. अचलनाथ या बौद्ध रक्षक देवतेच्या, जपानी फुदो म्योओच्या, मूर्तीसमोर लाकडाच्या समिधा एकेक करून अग्नीत पडत होत्या, नगारा वाजत होता आणि भिक्षूच्या तोंडून नोमाकु सानमानदा बाझारादान असे शब्द येत होते. नमः समन्तवज्राणाम् हे त्याचे मूळ रूप. मी हळूच नवऱ्याला ते सांगितले, तेव्हा शेजारच्या जपानी आजींनी माझ्याकडे वळून पाहिले. मला वाटले बोलल्याबद्दल रागावल्या, पण त्यांनी फक्त मला समिधेवर इच्छा लिहिण्यासाठी पेन पुढे केले. मी मराठीत लिहिले. ज्या भाषेतला मंत्र इतका प्रवास करून आला आहे, त्याला तिच्या नातीची दोन वाक्ये समजायला हरकत नसावी.

न्याहारीत भात, कोम्बुच्या सारातील मिसो सूप, उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ, नोरी हे वाळवलेले शेवाळ आणि तळून शिजवलेल्या टोफूचे गोळे होते, आणि यावेळी सूप खरोखर गरम होते. दोन जेवणांसह दर माणशी सुमारे सोळा हजार येन, म्हणजे आपले नऊ हजारांच्या आसपास रुपये, असा हिशोब झाला. सुविधांच्या मानाने ही रक्कम जास्त आहे. जेवण, पहाटेचा होम आणि ते वन एकत्र मोजले तर ती मला जास्त वाटली नाही. नवऱ्याला मात्र अजून वाटते. एक रात्र पुरेशी आहे, दुसऱ्या रात्री जेवण जवळपास तेच मिळते. शाकाहारी जोडप्यांना माझी सूचना अशी की हा मुक्काम सहलीच्या शेवटी न ठेवता पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवावा. शोजिन र्योरी हा शब्द आणि माशाविना दाशी कशी असते हे एकदा कळले की पुढे क्योतोत काय मागायचे, हेही कळते. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी लोकरी मोजे न्यावेत, ओसरीवरून चालताना कापडी सपाता काही कामाच्या नाहीत.

गोमादोफु ताजेच खायचे असते, ते आणता आले नाही. कोयादोफुची चार पाकिटे मात्र आणली. मालवणला सासूबाईंनी ती भिजवून, पिळून, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात सोडली आणि त्या पिठूळ चौकोनांनी सगळे वाटप असे शोषून घेतले की सासरे ते मटण समजून दोनदा मागून खाऊन गेले. त्या वाटपात दोन मोठे कांदे आणि लसणाचा अख्खा गड्डा होता.